ध्रुवीय हिमनदीचा पाठ आणि सायवनची मुले

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात हिमनदीचा पाठ आला म्हणजे डोंगरपट्टीतील शाळांत एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील सायवनसारख्या गावातील मुलास डोंगर परका नसतो, ओहळ परका नसतो आणि मुसळधार पाऊस तर नाहीच नाही. परंतु हिम त्याने पाहिलेले नसते. बर्फाशी त्याची ओळख दोनच ठिकाणी झालेली असते: महालक्ष्मीच्या जत्रेत रंगीत पाणी घालून मिळणारा गोळा आणि आठवड्याच्या बाजारात मासळीखाली पसरलेले तुकडे. अशा मुलाकडून “बर्फाच्या नदीस हिमनदी म्हणतात” हे वाक्य पाठ करून घेतले, तर परीक्षेपुरते ते त्याच्या तोंडी राहते. त्याच्या मनात मात्र थंड पाण्याची एखादी नदी वाहू लागते. मूल वर्गातून जे घेऊन जाते ते चित्र होय, व्याख्या नव्हे. आणि येथे चित्रच चुकलेले असते.

म्हणून पाठाचा आरंभ व्याख्येने करू नये. हिम आणि बर्फ यांतला भेद प्रथम दाखवावा. आकाशातून पडते ते हिम भुसभुशीत असते. चैत्राच्या सुमारास सावरीची बोंडे फुटून कापूस उडू लागतो, तो मुलांनी पाहिलेला असतो. असा ओंजळभर कापूस वर्गात आणावा व मुठीत दाबून दाखवावा. सैल असताना ओंजळ भरणारा कापूस दाबल्यावर सुपारीएवढा होतो, कारण त्यातील हवा निघून जाते. ध्रुवप्रदेशात एका हिवाळ्याचे हिम वितळण्यापूर्वीच दुसऱ्या हिवाळ्याचे हिम त्यावर पडते, मग तिसऱ्याचे, आणि हा क्रम हजारो वर्षे चालतो. वरच्या थरांच्या भाराने खालचे हिम दडपत जाते, त्याचे कण एकमेकांत मिसळतात आणि शेवटी त्याचा कठीण, निळसर बर्फ बनतो. त्यात अडकलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने तशीच कोंडलेली राहते. त्या बुडबुड्यांतील हवा तपासून शास्त्रज्ञांनी ८ लाख वर्षांपूर्वीच्या वातावरणाचे ज्ञान मिळविले आहे. वरच्या वर्गातील मुलांस हे अवश्य सांगावे.

यानंतरचा प्रश्न अवघड आहे, आणि तो एखादे चाणाक्ष मूल आपणहून विचारील: बर्फ जर दगडासारखा कठीण, तर तो वाहतो कसा? या प्रश्नास “हळूहळू वाहतो” असे उत्तर देऊन पुढे जाणे म्हणजे पाठाचा गाभाच सोडून देणे होय. बर्फाचा लहान तुकडा टणक व ठिसूळ असतो हे खरे. परंतु तोच बर्फ ५०-६० मीटर वा अधिक जाड साचला म्हणजे तळाचा भाग वरच्या ओझ्याखाली घट्ट खळीप्रमाणे वागू लागतो आणि उताराकडे सरकतो. वरचा थर मात्र कठीणच राहतो. खालच्या थराबरोबर ओढला जाताना तो ताणला जाऊन तडकतो आणि त्यास खोल भेगा पडतात. हिमनदीवरून चालणाऱ्या माणसास सर्वांत मोठा धोका याच भेगांचा असतो, कारण ताज्या हिमाचा पातळ पूल त्यांचे तोंड झाकून टाकतो.

हे सरकणे वर्गात दाखविण्यास फारसा खर्च येत नाही. तांदळाच्या पिठाची घट्ट खळ शिजवून घ्यावी. एक पाटी तिरपी ठेवून तिच्या दोन्ही कडांस ओल्या मातीचे बांध घालावेत, मध्ये खळ ओतावी आणि तिच्यावर आडवी सरळ अशी कोळशाच्या पुडीची रेघ ओढावी. थोड्याच वेळात ती रेघ मध्यभागी पुढे झुकून धनुष्यासारखी वाकते; कडेची खळ बांधाशी घासून मागे रेंगाळते, मधली पुढे जाते. लुई आगासिझ या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या वर्षांत आल्प्स पर्वतातील एका हिमनदीवर खुणेच्या खांबांची सरळ रांग रोवून हाच पडताळा घेतला होता. काही काळाने त्याची रांग वाकलेली आढळली. सायवनच्या पाटीवरील रेघ आणि आगासिझचे खांब एकच गोष्ट सांगतात, हे मुलांच्या लक्षात आले की हिमनदी म्हणजे गोठून थांबलेली नदी नव्हे, हे त्यांस निराळे सांगावे लागत नाही.

आता ध्रुवाकडे वळावे. येथे एक समजूत आधीच दुरुस्त करणे इष्ट. उत्तर ध्रुवावर जमीन नाही; तेथे समुद्र असून त्यावर बर्फाचा पातळ थर तरंगतो. दक्षिण ध्रुव मात्र अंटार्क्टिका या खंडावर आहे. या खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक असून जवळजवळ सर्व जमीन बर्फाखाली गाडलेली आहे. बर्फाची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर आहे आणि काही ठिकाणी ती ४ किलोमीटरहून अधिक भरते. पृथ्वीवरील एकूण बर्फापैकी सुमारे ९० टक्के बर्फ या एका खंडावर आहे. तेथील व्होस्टोक या ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी तापमान शून्याखाली ८९.२ अंश सेल्सिअस इतके उतरले होते. आकडे पाठ करून घेण्याची आवश्यकता नाही. २ किलोमीटर म्हणजे शाळेपासून कोठवर, हे मुलांकडून पावलांनी मोजवून घेऊन मग “एवढे अंतर उभे धरा” असे सांगावे.

हिमालयातील हिमनदी दोन पर्वतांमधील दरीत कोंडलेली असते. ध्रुवीय बर्फाचे तसे नाही. तो सर्व खंडावर चादरीसारखा पसरलेला असून मध्यभागाकडून चोहोबाजूंच्या समुद्राकडे सरकतो. चादरीच्या काही भागांत, जेथे खाली खोल दरी असेल तेथे, बर्फाचा ओघ अधिक वेगाने जातो, आणि त्यांसच ध्रुवीय हिमनद्या म्हणतात. लँबर्ट हिमनदी ही त्यांपैकी जगातील सर्वांत मोठ्या हिमनद्यांत गणली जाते. तिची लांबी ४०० किलोमीटरांहून अधिक आहे. समुद्राशी पोहोचल्यावर तिचा बर्फ लगेच तुटत नाही. जमिनीचा आधार सोडून तो तसाच पुढे पाण्यावर तरंगत जातो. अशा तरंगत्या जाड फळीस हिमफळी म्हणावे. लँबर्टच्या पुढील हिमफळीचे नाव एमरी असे आहे. हिमफळीच्या कडेचे तुकडे तुटून समुद्रात सुटतात; तेच हिमनग होत.

ध्रुवीय हिमनदीत आणखी एक विशेष आहे, आणि पुस्तकांत तो बहुधा वगळलेला असतो. अतिथंड प्रदेशात बर्फाचा तळ खडकाला गोठून चिकटलेला असू शकतो. असा बर्फ आतल्या आत सरकतो, पण खडकाला फारसा घासत नाही. त्याच्या खाली जुनी भूरूपे जशीच्या तशी टिकून राहतात. याउलट जेथे बर्फ फार जाड असतो तेथे वरचा दाब व पृथ्वीच्या पोटातील उष्णता यांमुळे तळाशी थोडे पाणी सुटते आणि त्या पाण्यावरून बर्फ घसरू लागतो. खडक खरवडण्याचे खरे काम हा घसरणारा बर्फ करतो. अंटार्क्टिकावरील बर्फाच्या तळाशी अशा पाण्याची शेकडो सरोवरेही सापडली आहेत. उणे ८९ अंशांच्या प्रदेशाखाली न गोठलेले पाणी आहे हे ऐकून मुले प्रथम विश्वास ठेवणार नाहीत. त्यांस अविश्वासाची मोकळीक द्यावी आणि मग दाबाचे कारण समजावून द्यावे.

अंटार्क्टिकाशी भारताचा संबंध जुना नाही, पण तो महाराष्ट्राच्या शेजारातून सुरू झालेला आहे. डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ मध्ये दक्षिण गंगोत्री हे पहिले ठाणे हिमफळीवर उभारले गेले. बर्फावर बांधलेले घर वर्षागणिक पडणाऱ्या हिमाखाली दडपत जाते. तेच या ठाण्याचे झाले आणि काही वर्षांत ते सोडावे लागले. मग १९८९ मध्ये मैत्री हे ठाणे उघड्या खडकावर बांधण्यात आले, आणि २०१२ मध्ये भारती हे ठाणे लार्समन टेकड्यांत सुरू झाले. या टेकड्या लँबर्ट व एमरी ज्या उपसागरास मिळतात त्याच उपसागराच्या काठी आहेत. या सर्व कार्याची राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे.

मैत्री ज्या ठिकाणी आहे त्या जागेचे वर्णन हिमनदीच्या परिसराचा पाठ शिकविण्यास अत्यंत सोयीचे आहे. तिचे नाव शिरमाखर. दक्षिणेस खंडाची अफाट हिमचादर, उत्तरेस समुद्रापर्यंत गेलेली हिमफळी आणि या दोहोंच्या मध्ये सुमारे ३५ चौरस किलोमीटरांचा उघडा खडकाळ पट्टा, अशी तिची रचना आहे. वाळवंटात जसे पाण्याचे बेट, तसे हे बर्फात खडकाचे बेट. बुटक्या टेकड्या, त्यांमधील खळगे आणि त्या खळग्यांत साचलेली शंभरावर गोड्या पाण्याची तळी तेथे आहेत. खडकांचे माथे बर्फाने घासून गुळगुळीत केलेले असून त्यांवर चरे दिसतात. बर्फाने दूरवरून वाहून आणलेले धोंडे बर्फ मागे हटल्यावर जेथच्या तेथे राहिले आहेत. शेजारच्या खडकाशी त्यांची जात जुळत नाही. या पट्ट्यालगत हिमचादरीची एक जीभ खाली उतरते, तिला दक्षिण गंगोत्री हिमनदी म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक तिच्या मुखाची जागा वर्षानुवर्षे मोजत आले आहेत आणि ते मुख हळूहळू मागे सरत असल्याचे त्यांस दिसले आहे. हिमचादरीतून डोके वर काढणारी एकाकी शिखरेही दक्षिणेकडे आहेत. पुराच्या पाण्यात बुडालेल्या रानातून उंच झाडांचे शेंडे तेवढे दिसावेत, तसा तो देखावा असतो.

बर्फ स्वतः खडकापेक्षा मऊ. मग तो खडक कसा घासतो? येथे पुन्हा प्रयोग हवा. गावात कोणाकडे फ्रीज असल्यास दोन वाट्या पाणी गोठवून आणावे. एकीच्या तळाशी जाडसर वाळू घातलेली असावी. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीवर प्रथम निव्वळ बर्फ घासावा, मग वाळूचा. पहिल्याने वडी नुसती ओली होते. दुसऱ्याने तिच्यावर समांतर ओरखडे उठतात. हिमनदीचे दात म्हणजे तिच्या तळाशी गोठलेले दगडगोटे होत. या दातांनी ती दरीचा तळ व दोन्ही बाजू खरवडते. वाहते पाणी आपल्या पात्राचा तळ तेवढा कापते, म्हणून सायवनच्या परिसरातील ओहळाच्या दरीचा छेद निमुळता, सुपारी कातरण्याच्या अडकित्त्याच्या उघड्या तोंडासारखा असतो. हिमनदी सबंध दरी भरून चालते, म्हणून तिच्या दरीचा छेद जनावरांच्या दगडी डोणीसारखा, तळाशी रुंद व बाजूंनी उभा होतो. मुख्य हिमनदीची दरी अशी खोल झाल्यावर लहान उपनदीची दरी उंचावर अधांतरी राहते. ती लोंबती दरी. हिमनदीच्या उगमाशी डोंगराच्या कुशीत आरामखुर्चीसारखा खळगा कोरला जातो, त्यास हिमगह्वर म्हणतात. आणि तीन-चार बाजूंनी अशी गह्वरे कोरली गेली तर मध्ये टोकदार गिरिशृंग उरते. संज्ञा पुस्तकातल्या आहेत त्या शिकवाव्यात. परंतु डोंगराची धार, खळगा, कडा यांस मुलांच्या बोलीत जे शब्द असतील ते आधी फळ्यावर येऊ द्यावेत आणि मग त्यांच्या शेजारी पुस्तकी संज्ञा लिहावी. हा क्रम उलटा केला की वारली मूल गप्प बसते, आणि भूगोलाच्या तासास ते गप्प बसले म्हणजे ज्या वर्गात डोंगराविषयी सर्वांत अधिक जाणणारे तेच, त्या वर्गाचे नुकसान होते.

संचयनाची भूरूपे शिकविताना मुलांस ओहळावर न्यावे. पावसाळ्यानंतर ओहळाच्या काठी पाण्याने गोट्यांची आपोआप निवड केलेली आढळते: वेग जेथे अधिक तेथे मोठे धोंडे, पुढे गोटे, वळणावर वाळू आणि संथ जागी चिखल. गोटे घासून घासून वाटोळे झालेले असतात. हिमनदीला अशी निवड करता येत नाही. खोलीएवढा खडक आणि पिठासारखी माती ती एकाच पाठीवर वाहून नेते, आणि वितळली की सर्व काही एकत्रच टाकून देते. तिच्या दगडांस पुष्कळदा सपाट घासलेल्या बाजू व ओरखडे असतात. या गाळास हिमोढ म्हणतात; काठाचा तो पार्श्व हिमोढ, मुखाशी साचलेला तो अंत्य हिमोढ. त्याचे पुढचे पोटभेद प्राथमिक वर्गात फार ताणू नयेत. ओहळाचा गाळ आणि हिमोढ हे दोन्ही ओळखण्याची खूण मात्र पक्की करून घ्यावी, कारण याच खुणेच्या आधारे शास्त्रज्ञांनी एक विलक्षण शोध लावला, आणि तो महाराष्ट्राच्याच भूमीशी संबंधित आहे.

१८५६ मध्ये ओरिसातील तालचेर येथे विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू आणि विल्यम थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांस बारीक गाळात मोठाले धोंडे रुतलेला एक थर आढळला. असे धोंडे आणि असा गाळ एकत्र ठेवण्याचे काम वाहत्या पाण्याचे नव्हे, बर्फाचे असावे, असा तर्क त्यांनी केला. उष्ण कटिबंधात बर्फ हा तर्क त्या काळी अनेकांस धाडसाचा वाटला. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांस चंद्रपूर परिसरात पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ तसाच धोंड्यांचा थर सापडला. आणि त्याखालील चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व त्यावर चरे उठलेले त्यांनी पाहिले. ही माहिती १८७५ मध्ये प्रसिद्ध झाली. (चंद्रपूर शहरालगत वाहणाऱ्या नदीचेही नाव इरई आहे, शिक्षकांनी नकाशा दाखविताना गल्लत करू नये.) साबणाच्या वडीवर मुलांनी जे पाहिले, तेच विदर्भातील खडकावर सुमारे ३० कोटी वर्षे झाकून राहिले होते.

याचा अर्थ विदर्भ कधी काळी ध्रुवाजवळ होता. त्या काळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकत्र जोडलेले असून दक्षिण ध्रुवाभोवती होते. या जुन्या महाखंडास गोंडवन हे नाव मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून मिळाले, आणि ते आज जगभरच्या ग्रंथांत वापरले जाते. आदिवासी मुलांच्या वर्गात ही गोष्ट सांगावयास विसरू नये. या सर्व खंडांवर एकाच काळातील हिमनद्यांच्या खुणा सापडतात. खंड सरकतात असा सिद्धान्त मांडताना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी या खुणांचा पुरावा पुढे केला होता. नंतर महाखंड फुटला आणि भारत उत्तरेकडे सरकत आला. तो आजही वर्षाला काही सेंटिमीटर सरकत आहे. डहाणू-तलासरीच्या मुलांस नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जाणवलेले भूकंपाचे धक्के ऐकून किंवा अनुभवून ठाऊक असतात. जमीन अचल नाही हे त्यांस पटवावे लागत नाही. मात्र ते धक्के आणि खंडाचे कोट्यवधी वर्षांचे सरकणे या दोन वेगळ्या मापाच्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट करावे. नाही तर गाव एका रात्रीत ध्रुवावरून आले अशी कल्पना होईल, आणि भीतीही वाढेल.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हा पाठ रंगला की उत्साही मुले शिवारातील प्रत्येक मोठा धोंडा हिमनदीने आणला असे म्हणू लागतात. सायवनच्या आसपासचा काळा खडक हिमनदीचा नव्हे, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे इरईच्या चऱ्यांहून कितीतरी अलीकडचा. शेताच्या बांधावर दिसणारे वाटोळे धोंडे ऊन-पावसाने जागच्या जागी झिजून तसे झालेले असतात. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्यांचे थर सुटतात. मुलाने धोंडा आणून दाखविला तर त्यास हिणवू नये. ओरखडे आहेत काय, सपाट घासलेली बाजू आहे काय, शेजारच्या खडकाहून याची जात वेगळी आहे काय, हे तीन प्रश्न विचारून त्यालाच निर्णय करू द्यावा.

इरईचा बर्फ ओसरल्यानंतर त्या भूमीवर दाट वनस्पती वाढल्या, गाळात गाडल्या गेल्या आणि त्यांचा दगडी कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातील बल्लारपूर व वणी येथील कोळसा, किंबहुना भारताच्या खाणींतील बहुतेक कोळसा, याच गोंडवन काळातील आहे. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी ज्या मुलांनी पाहिली असेल त्यांस कोळसा जाळून वीज होते हे माहीत असते. कोळसा जाळल्याने हवेत जो वायू वाढतो त्यामुळे पृथ्वीची उष्णता वाढत आहे आणि ध्रुवांकडील बर्फ घटत आहे, हा दुवा येथे सहज जोडता येतो.

तो जोडताना शेवटची एक चूक टाळावी. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवरचा बर्फ वितळला किंवा सरकून समुद्रात गेला तरच ती वाढते. दोन पेले घ्यावेत. एकात पाणी काठोकाठ भरून त्यात बर्फ तरंगता ठेवावा. तो विरघळला तरी पाणी सांडत नाही. दुसऱ्या पेल्यात पाण्याबाहेर डोके काढील असा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवावा. त्यातील पाण्याची पातळी चढते. दुसरा पेला म्हणजे अंटार्क्टिका. तेथील सर्व बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटर वर येतील असा हिशेब आहे. तसे घडण्यास हजारो वर्षे लागतील, हेही त्याच दमात सांगावे. परंतु डहाणू, चिंचणी, बोर्डी यांसारख्या सखल किनाऱ्यावरील लोकांस ५८ मीटरांची वाट पाहावी लागत नाही. एका हाताची वाढही तेथील भरतीच्या पाण्यास खाजणांत व वाड्यांत आत आणते. सायवनचे अनेक लोक ज्या किनारपट्टीच्या वाड्यांत मजुरीस जातात, त्याच या वाड्या होत.

दोन पेल्यांचा प्रयोग पाठाच्या आरंभीच मांडून ठेवणे सोयीचे पडते, कारण उन्हाळ्यातही बर्फ विरघळण्यास वेळ लागतो. खळीची पाटी दुसऱ्या दिवशीपर्यंत धुऊ नये. तिच्यावर पडलेल्या भेगा मुलांस दाखविण्यासारख्या असतात.